फ्लॉस केल्यावर रक्त येतं, मग करायचा की सोडायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 41, दिवसातून दोनदा ब्रश. सहा महिन्यांपूर्वी दातांची सफाई करून घेतली, तेव्हा डॉक्टरांनी रोज फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटींतून बारीक दोरा फिरवून सफाई, करायला सांगितलं. तीन दिवस केला, तिन्ही दिवस बेसिनमध्ये रक्त दिसलं म्हणून सोडून दिला. सासूबाई म्हणतात, दोरा घालून घालून दातांत फटी पडतील. वर डावीकडे, दोन वर्षांपूर्वी सिमेंट भरलेल्या दाढेपाशी दोरा दर वेळी फाटतो. यजमान जेवण झालं की काडीने दात कोरतात. त्यात फ्लॉसचा उपयोग सिद्धच झालेला नाही अशी बातमीही वाचलेली. तर फ्लॉस करायचा का? आणि सात वर्षांच्या मुलीचं काय?

ताई, करायचा. रक्त येतंय म्हणून तर नक्कीच करायचा. तुम्ही तीन दिवसांनी सोडलात. आणखी आठवडाभर धीर धरला असता तर बहुतेक रक्त थांबलं असतं आणि हा प्रश्न पडलाच नसता. सत्तावीस वर्षं दात बघतोय. फ्लॉस सोडून दिलेल्या दहा जणांना कारण विचारलं तर सात-आठ जण हेच सांगतात.

निरोगी हिरडीला दोरा हळूच लागला तर रक्त येत नाही. तळहातावरून बोट फिरवलं तर कुठे येतं? पण तीच जागा सुजलेली, लाल झालेली असेल तर नुसत्या स्पर्शाने रक्त येतं. म्हणजे जखम दोऱ्याने केलेली नसते, सूज आधीपासून असते. दोरा फक्त ती दाखवून देतो. ब्रशला ती सापडत नाही, कारण ब्रश तिथे पोचतच नाही.

का पोचत नाही ते पाहा. अक्कलदाढा सोडल्या तर तोंडात 28 दात. प्रत्येक दाताला दोन्ही बाजूंना एकेक अशा दोन भिंती, म्हणजे एकूण 56 भिंती. ब्रश दाताची बाहेरची बाजू घासतो, आतली घासतो, चावायची बाजू घासतो. या 56 भिंतींच्या तोंडाशी मात्र त्याचे केस अडतात. तुम्ही दोन मिनिटं घासा नाहीतर दहा मिनिटं, त्या तशाच राहतात. आणि मोठ्या माणसांत कीड आणि हिरडीचा आजार या दोन्हींची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते.

तिथे असतं काय, तर जिवाणूंची साय. दूध ठेवलं की साय धरते, तशी दातावर काही तासांत ही साय धरायला लागते. आम्ही तिला प्लाक म्हणतो. ती दिसत नाही, म्हणून कुणाचा विश्वास बसत नाही. मी खुर्चीतल्या माणसाच्या हातात आरसा देतो, खालच्या दोन दाढांमधून बारीक अवजाराचं टोक फिरवतो आणि टोकावर आलेला गोळा ग्लोव्हजवर पुसून दाखवतो. ओल्या कणकेच्या रंगाचा, मऊ, चिकट. माणूस सांगत असतो, "डॉक्टर, आत्ताच ब्रश करून आलोय." तो खरंच करून आलेला असतो. मग त्याच फटीतून दोरा फिरवून त्याला नाकाशी धरायला देतो. तो वास घेतल्यावर बहुतेकांना पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

ही साय आणि हिरडीची सूज यांचा संबंध 1965 साली डेन्मार्कमधल्या आरहूस इथे हाराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी अगदी साध्या प्रयोगातून दाखवला. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना, त्यातले बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते, दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा सफाई सुरू केली, आणि साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. औषध नाही, गोळी नाही. म्हणून तुमच्या रक्ताला मी घाबरत नाही. रोज नीट दोरा फिरवला तर सात ते दहा दिवसांत ते कमी होत होत थांबायला हवं. दोन आठवडे नेमाने करूनही थांबलं नाही, तर मात्र दाखवून घ्या. खाली कीटण असू शकतं, आणि कीटण दोऱ्याने निघत नाही.

कीटण म्हणजे हीच साय दगड झालेली. बोअरच्या पाण्याने बादलीच्या काठाला पांढरा थर धरतो ना, जो नंतर नखानेही निघत नाही, तसंच. थुंकीतले क्षार सायीत बसत जातात आणि काही दिवसांतच ती घट्ट होऊ लागते. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ती सर्वांत आधी घट्ट होते, कारण जिभेखाली लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात. मऊ असते तोवर काम तुमच्या हातात असतं, घट्ट झाली की आमच्या.

आता सासूबाईंचं म्हणणं. ते आलंय कुठून हे मला ठाऊक आहे, कारण त्यांनी जे पाहिलं ते खोटं नाही. दात साफ करून आल्यावर किंवा फ्लॉस सुरू केल्यावर काही जणांना खरंच फटी दिसू लागतात. पण त्या फटी आधीच होत्या. सुजलेल्या हिरडीने आणि कीटणाने त्या बुजवलेल्या होत्या. सूज उतरली, कीटण निघालं, की खरी परिस्थिती दिसते. भिंतीचा पोपडा काढल्यावर खालची भेग दिसावी, तसं. दोऱ्याने दात सरकत नाहीत. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचं चिवट तंतूंचं अस्तर असतं. दोरा आत जाताना दात त्या अस्तरावर किंचित दबतो आणि लगेच जागेवर येतो. घास चावताना तो यापेक्षा जास्त दबतो.

फटी पडतात त्या काडीने. तुमच्या यजमानांना हे जरूर वाचायला द्या. दोन दातांमध्ये हिरडीचं त्रिकोणी टोक असतं, ते काडीने रोज खाली दाबलं की हळूहळू बसतं. मग जागा मोकळी होते, तिथे आणखी अन्न अडकतं, मग आणखी कोरलं जातं. मी आगपेटीची काडी, उदबत्तीची काडी, सेफ्टी पिन, साडीची पिन, एवढंच काय, कानातल्याची तारही वापरणारी माणसं पाहिली आहेत. पिनेचं टोक हिरडीत मोडून बसलेलंही काढलंय. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. रोज एकाच जागी अन्न अडकत असेल तर ती सवयीची बाब नसते, तिथे काहीतरी बिघडलेलं असतं. एक गृहस्थ दोन वर्षं उजवीकडच्या एकाच फटीतून मटणाचे धागे काढत होते. त्यांना वाटायचं, वय झालं, दात विरळ झाले. एक्स-रे काढला तर दोन दाढांच्या मधल्या भिंतीला आतून कीड लागून खड्डा पडलेला, आणि तो दाताच्या आतल्या नशीपर्यंत पोचलेला. दोन वर्षांपूर्वी आले असते तर साध्या भरणीवर भागलं असतं. शेवटी रूट कॅनाल करावं लागलं.

आता पद्धत. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण फ्लॉस करणाऱ्यांतले बरेच जण तो चुकीचा करतात. त्यांच्या लेखी काम एवढंच: दोरा फटीत टक् करून घालायचा, अडकलेलं काढायचं, बाहेर. असा दोरा कोथिंबिरीचं पान काढेल, आंब्याचा धागा काढेल. साय काढणार नाही. ती भिंतीला चिकटलेली असते, भिंत पुसावी लागते.

दोरा एक हात लांब घ्या. हात म्हणजे आपलं जुनं माप, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण 45 सेंटीमीटर. लोक कंजुषी करून वीतभर दोरा घेतात आणि मग बोटं निसटतात. 50 मीटरची डबी या हिशोबाने साडेतीन महिन्यांहून जास्त पुरते. दोऱ्याचा बराचसा भाग एका हाताच्या मधल्या बोटाला गुंडाळा, थोडासा दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाला. इतका घट्ट नको की बोटाचं टोक निळं पडेल. आता अंगठे आणि तर्जन्या मोकळ्या राहिल्या, दोरा त्यांनीच चालवायचा. वरच्या दातांना एक अंगठा आणि एक तर्जनी, खालच्या दातांना दोन्ही तर्जन्या. दोन बोटांच्या मध्ये ताणलेला दोरा दोन-अडीच सेंटीमीटरच असू द्या. जास्त ठेवलात तर ताबा सुटतो.

दात जिथे एकमेकांना टेकलेले असतात तिथून दोरा करवतीसारखा पुढे-मागे हळूहळू सरकवत खाली न्या. झटका देऊ नका. तुमच्या त्या तीन दिवसांत थोडं रक्त झटक्याचंही असू शकेल, नवशिक्यांचं असं होतं. दोरा अडथळ्यातून सुटला की थेट हिरडीवर आपटतो आणि कापतो. टेकण्याची जागा ओलांडल्याचं बोटांना कळतं. तिथे थांबा.

मग सर्वांत महत्त्वाचं. दोन्ही हात एकाच दिशेला थोडे ढकला, म्हणजे दोरा एका दाताला कमरपट्ट्यासारखा वेढा घालेल. असा वेढलेला दोरा हिरडीच्या काठाखाली हलकेच सरकू द्या. निरोगी हिरडीतही तिथे दोन-तीन मिलिमीटरची खोबण असते. अडकल्यासारखं वाटलं की तो तळ, त्याखाली जोर लावायचा नाही. आता दोरा दाताला चिकटलेला ठेवून खालून वर, वरून खाली, पाच-सहा वेळा पुसा. भिंत स्वच्छ झाली की बोटांना फरक जाणवतो. आधी बुळबुळीत लागतं, मग दोरा किंचित रुतत चालतो. नुसतं पुढे-मागे घासायचं नाही, त्याने हिरडीला चीर पडते.

एक भिंत झाली. दोरा हिरडीच्या त्रिकोणी टोकावरून उचलून शेजारच्या दाताच्या भिंतीला तसाच वेढा घाला आणि तीही पुसा. एका फटीत दोन भिंती असतात हे लोक विसरतात. पुढच्या फटीला जाताना दोरा एका बोटावरून सोडा, दुसऱ्यावर गुंडाळा, म्हणजे प्रत्येक वेळी कोरा भाग मिळतो. आणि सर्वांत शेवटच्या दाढेची मागची बाजू! तिच्यामागे शेजारी नाही म्हणून तिची कुणी आठवण काढत नाही, आणि तिथेच साय जाड बसते.

पहिल्या दिवशी याला दहा-बारा मिनिटं लागतील आणि तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळेल. तीन आठवड्यांत हेच तीन-चार मिनिटांवर येतं. सगळं तोंड एकदम जमत नसेल तर पहिले चार दिवस फक्त खालचे पुढचे सहा दात करा. आरसा लागतो, उजेड लागतो. बोटं आखडणाऱ्यांसाठी किंवा मोठ्या हातांसाठी दुसरी रीत आहे: दोऱ्याची टोकं दोन-तीन गाठी मारून बांधायची आणि बांगडीएवढं कडं करायचं. बोटांना काही गुंडाळावं लागत नाही, कडं फिरवत फिरवत कोरा भाग घेता येतो. माझ्या साठी ओलांडलेल्या पेशंटांना हीच रीत मानवते. प्लास्टिकच्या मुठीचे फ्लॉस पिक मिळतात. काहीच न करण्यापेक्षा ते बरे, पण त्यांचा दोरा ताठ असतो, दाताला वेढा नीट बसत नाही. शिवणाचा दोरा मात्र कधीही वापरू नका, तो तुटतो, त्याचे तुकडे फटीत राहतात.

वेळ रात्रीची. झोपेत लाळ कमी होते आणि जिवाणूंना रान मोकळं मिळतं. आधी फ्लॉस, मग ब्रश, हा क्रम मी सांगतो. भिंतींवरची साय निघालेली असली की टूथपेस्टमधलं फ्लोराइड तिथे पोचायला वाव मिळतो. ब्रश झाल्यावर फेस थुंका, पण आपल्या सवयीप्रमाणे खळखळून पाच-सहा चुळा भरू नका, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं. जेवणानंतर चूळ भरण्याची आपली सवय फार चांगली आहे, ती जरूर ठेवा, पण जेवणानंतर.

दातांमधून दोरा फिरवणं नवीन नाही. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य लिव्हाय स्पिअर पार्मली यांनी 1819 मधल्या पुस्तकात मेण लावलेला रेशमी दोरा सुचवला होता. पुढे रेशीम जाऊन नायलॉन आलं, त्यात त्याच शहरातले चार्ल्स बास यांचा मोठा वाटा. हे दंतवैद्य नव्हे, फिजिशियन होते. हिरडीच्या काठाशी ब्रश 45 अंशांत तिरका धरायची जी पद्धत आज आम्ही शिकवतो, तीही त्यांचीच.

बातमीबद्दल. 2016 साली ती अमेरिकेतून आली आणि तेव्हा माझ्याकडेही बरेच जण कात्रण घेऊन आले. तिचा मुद्दा होता की फ्लॉसवरचे अभ्यास लहान, थोड्या मुदतीचे आणि कच्चे आहेत. ते खरं आहे. 2019 मध्ये कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध अभ्यास तपासले. ब्रशच्या जोडीला फ्लॉस केल्यास हिरडीची सूज कमी होऊ शकते, असं त्यांनी म्हटलं, पण पुरावा भक्कम नाही हेही स्पष्ट सांगितलं. पुरावा कच्चा असणं म्हणजे उपयोग नाही असं सिद्ध होणं नव्हे. मला स्वतःला 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला एक आढावा जास्त बोलका वाटतो. त्यात शाळेच्या दिवसांत लहान मुलांचे दात प्रशिक्षित माणसाने सुमारे पावणेदोन वर्षं फ्लॉस करून दिले, तेव्हा कीड लागण्याचा धोका 40 टक्क्यांनी कमी दिसला. आणि मोठ्या मुलांनी स्वतःच्या स्वतः फ्लॉस केला तेव्हा फरक दिसला नाही. दोरा तोच, फरक हाताचा. म्हणूनच वर पद्धतीवर एवढं लिहिलं.

ज्यांच्या फटी आधीच मोकळ्या आहेत, हिरडी खाली गेली आहे, त्यांनी फ्लॉसचा हट्ट धरू नये. त्यांच्यासाठी बाटली धुवायच्या ब्रशसारखे इवलेसे इंटरडेंटल ब्रश असतात आणि रुंद फटीत ते दोऱ्यापेक्षा चांगलं काम करतात. वेगवेगळ्या मापांचे मिळतात. फटीत थोडे घट्ट जातील असे घ्या, जबरदस्तीने घुसवावे लागतील असे नकोत. एकाच तोंडात दोन मापं लागू शकतात. माप पहिल्यांदा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने कृत्रिम दात, बसवला असेल तर त्याच्या खालून न्यायचा एक टोक कडक असलेला जाड फ्लॉस वेगळा मिळतो. पाण्याच्या फवाऱ्याची यंत्रं तारा लावलेल्यांना, इम्प्लांटवाल्यांना उपयोगी पडतात, पण ती महाग आहेत आणि वेढून पुसलेल्या दोऱ्याची जागा ती पूर्णपणे घेतात असं मी म्हणणार नाही.

तीन इशारे. मधुमेह असेल तर हिरडीकडे दुपटीने लक्ष द्या: साखर वाढली की हिरडी बिघडते आणि बिघडलेल्या हिरडीमुळे साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. आणि घरात कुणी सिगारेट-विडी ओढत असेल तर "माझ्या हिरडीतून रक्त येत नाही" यावर त्यांनी विसंबू नये. धूम्रपानाने रक्त येणं झाकलं जातं, आजार आत चालूच असतो. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर फ्लॉस बंद करू नका, हात हलका ठेवा, आणि रक्त बराच वेळ थांबत नसेल तर गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना कळवा. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

मुलीचं. सात वर्षांच्या मुलीच्या मागच्या दोन दुधाच्या दाढा एकमेकींना घट्ट टेकलेल्या असतात आणि त्यांच्या मधली कीड बाहेरून शेवटपर्यंत दिसत नाही. "दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत" असं म्हणू नका. त्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. रात्री तिचं डोकं मांडीवर घ्या आणि दोन्ही बाजूंच्या, वरच्या-खालच्या या दोन दाढांच्या मधून दोरा फिरवा. चारच फटी, मिनिटभराचं काम. तिच्या हाताला हे अजून जमणार नाही, आठ-दहा वर्षांची होईपर्यंत तुम्हीच करा. मुलांसाठी फ्लॉस पिक चालतात, आपलं बोट आत न्यावं लागत नाही.

राहिली तुमची ती दाढ. तुमच्या पत्रात मला खरी काळजी तिचीच वाटली. दोरा एकाच जागी दर वेळी फाटत असेल तर दोऱ्याचा ब्रँड बदलून उपयोग नाही. सिमेंटचा काठ फटीत बाहेर आलेला असेल, किंवा सिमेंटखाली पुन्हा कीड लागली असेल, किंवा तिथे कीटण असेल. या आठवड्यात दाखवायला जा आणि त्या बाजूचा बाइटविंग एक्स-रे काढायला सांगा, त्यात दोन दाढांच्या मधल्या भिंती स्पष्ट दिसतात. काठ बाहेर आलेला असेल तर बऱ्याचदा तो नुसता घासून सारखा करता येतो, भूलही लागत नाही. तोवर त्या फटीत दोरा वरून घाला, पण परत वर ओढू नका. एका हातातून सोडा आणि गालाच्या बाजूने आडवा बाहेर काढा, म्हणजे तुकडा आत राहणार नाही.